त्या रात्री आईनं डोंबिवलीला का जायचं?

प्रिय ताई,

आम्ही ठाण्यात नुकतंच टू बीएचके घेतलं. वास्तुशांत झाली, आता एका शनिवारी रात्री वीस जणांना जेवायला बोलवायचं आहे. सासूसासरे, पुण्याहून येणारी सासरची माणसं आणि ऑफिसातला एक जैन मित्र धरून बारा जण शाकाहारी. माझे मावसभाऊ आणि ऑफिसातले बाकीचे मिळून आठ जण पक्के मांसाहारी, त्यांना चिकन-मासे नसतील तर जेवल्यासारखं वाटत नाही. सासूबाई म्हणतात, "तुमचं घर, तुम्ही ठरवा, माझं काही म्हणणं नाही." नवरा म्हणतो, तूच बघ. दोन वेगळी टेबलं मांडू का? नॉनव्हेज बाहेरून मागवून गॅलरीत ठेवलं तर चालेल का? की सगळ्यांना सरसकट पावभाजी करून मोकळी होऊ? माझे आईबाबा त्याच आठवड्यात कुडाळहून येताहेत, पण शनिवारी रात्री ते डोंबिवलीला मामाकडे राहतील, त्यामुळे त्यांची चिंता नाही. आईला कुठेही गेली तरी स्वयंपाकात हात घातल्याशिवाय चैन पडत नाही, मग सासूबाई अवघडतात. लवकर उत्तर द्या, झोप लागत नाहीये.

— गोंधळलेली, ठाणे

अगं,

टेबलं, गॅलरी आणि पावभाजीचं नंतर बघू. तुझ्या नव्या घरातलं पहिलं मोठं जेवण आहे आणि त्या रात्री तुझे आईबाबा डोंबिवलीत असणार आहेत. हे वाचून मला राग आला, आणि तो तुझा आला.

कुडाळहून ते बहुतेक तुतारी एक्स्प्रेसनं येतील. रात्रभराचा प्रवास, सोबत नारळ, आमसुलं, घरच्या मसाल्याची बरणी. लेकीचं घर बघायला एवढ्या लांबून यायचं आणि ते घर माणसांनी भरेल त्या रात्री मात्र मामाच्या हॉलमध्ये बसून राहायचं. ही कल्पना कोणाची, ते तू लिहिलं नाहीस. सासूबाईंची असती तर नक्की लिहिलं असतंस, कारण त्यांचं वाक्य तू जसंच्या तसं दिलंयस. तेव्हा हे तूच सुचवलंस. आणि आई लगेच म्हणाली असेल, "हो हो, आम्ही जातो, तुझी धावपळ नको." मुलीच्या आवाजातला सूर आईला बरोबर कळतो.

सासूबाईंची समजूत कशी काढायची, हे मी सांगणार नाही. त्या अवघडतात, तर एक संध्याकाळ अवघडू देत. मोठ्या आहेत, निभावतील. त्यांनी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तूच आधी जाऊन आईबाबांना बाजूला केलंस आणि चिकनला गॅलरीत जागा शोधायला लागलीस. दोन्हीच्या मागे एकच गोष्ट आहे. ज्या जेवणावर तू वाढलीस ते या घरात चारचौघांसमोर मांडायचा तुला संकोच वाटतो. घराच्या हप्त्यात तुझाही पगार जात असेल ना? मग तुझ्या माहेरचं पातेलं ओट्यावर का नाही ठेवायचं?

माझं सांगणं एकच आहे. आज रात्री आईला फोन कर, डोंबिवली रद्द कर आणि शनिवारचा अख्खा स्वयंपाक तिच्या हातात दे. कांदे चिरायला बोलावू नकोस, ओटाच तिच्या ताब्यात दे.

तुझा व्हेज-नॉनव्हेजचा गुंता त्यातच सुटतो. कोकणातल्या घरांना हा प्रश्न नवा नाही. सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, गणपती, एवढे दिवस मासे-मटण न करता जी बाई घर चालवते, तिला शाकाहारी जेवण पुण्याहून कोणी शिकवायला नको. आणि काही घरांत तर गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. गणपतीसमोर पडदा धरतात आणि त्याच घरात, त्याच दिवशी दोन्ही नैवेद्य होतात. कोणी दोन घरं करत नाही.

शनिवारी वडे करा. मुख्य पदार्थ तोच, वीसही जणांना. सोबत काळ्या वाटाण्याची आमटी आणि कोंबडी. या दोघांचं वाटण जवळपास एकच असतं हे तुला माहीतच आहे: कांदा आणि खोबरं खरपूस भाजायचं, धणे, बडीशेप, मिरी परतून घ्यायची, सगळं बारीक वाटायचं. वाटण झाल्याझाल्या, कोंबडी फ्रीजबाहेर यायच्या आधी, त्याचे दोन भाग करा. मोठा भाग वाटाण्याचा. वाटाणे शुक्रवारी रात्रीच भिजत घाला, किलोभर लागतील, कारण ते बारा जणांसाठी नाहीत, वीस जणांसाठी आहेत. इथे बहुतेकजण चुकतात. आठ माणसं कोंबडी खातात म्हणून ती आमटीला हात लावणार नाहीत असं धरतात, आणि मग शाकाहारी माणसांच्या वाट्याला तळाचा रस्सा उरतो. कोंबडी आठ जणांना दोन किलो पुरे. सोलकढी सगळ्यांना, गोडाला शिरवाळे आणि गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. एवढ्या जेवणात ज्याला कोंबडी नको त्याला काही कमी पडलं असं वाटणारच नाही.

टेबल एकच मांड. कोंबडीचं पातेलं एका टोकाला, झाकण घालून, त्याच्या शेजारी दुसरं काही नाही. म्हणजे वाढताना थेंब दुसऱ्या भांड्यात पडत नाही. प्रत्येक भांड्याचा डाव वेगळा, आणि कोंबडीचा डाव लांब दांड्याचा, वेगळा ओळखू येईल असा. वडे ताज्या तेलात तळायचे, त्या तेलात दुसरं काहीही पडू द्यायचं नाही. केक आणणार असशील तर बिनअंड्याचा आण. ही काळजी कसून घे. शाकाहारी माणसाला खरी भीती असते ती डाव इकडचा तिकडे होण्याची, "फोडी बाजूला काढा आणि रस्सा घ्या" असं कोणी म्हणण्याची. तेवढं तुझ्या घरात होणार नाही याची खात्री असली, की पुण्याची मंडळी शांतपणे जेवतील. एखाद्याला त्याच टेबलावर कोंबडी बघवत नसेल तर तो ताट घेऊन सोफ्यावर बसेल. त्यासाठी गॅलरी नको.

जैन मित्राला आधी फोन करून विचार. काही जण कांदा-लसूण खात नाहीत, काही जण सूर्यास्तानंतर जेवतच नाहीत. तो जे सांगेल ते त्याच्यासाठी वेगळं आणि वेळेत कर.

सासूबाईंना हे सगळं कळवायचं काम नवऱ्याचं. "तूच बघ" म्हणून सुटता येणार नाही. त्यानं आपल्या आईला एवढंच सांगायचं, की शनिवारी स्वयंपाक कुडाळच्या आई करताहेत, कोंबडी घरातच होईल, आणि तुझ्या आमटीचा डाव वेगळा असेल. तू मध्ये पडू नकोस. तू मध्ये पडलीस की पुन्हा माफी मागितल्यासारखं बोलशील आणि पुन्हा काहीतरी सोडून देशील.

मासे शनिवारी नकोत. सुरमईची तुकडी तव्यावरून थेट ताटात यायला हवी. आठ जणांच्या तुकड्या भाजत आई दीड तास गॅससमोर उभी राहील आणि बाकीचे गप्पा मारतील, हे मला चालणार नाही. मासे रविवारी दुपारी करा, तुम्ही चौघं आहात तेवढ्यांपुरते. तेव्हा गॅससमोर तू उभी राहा.

त्या दिवशी संकष्टी नाही ना, ते कॅलेंडरवर बघून घे. असेल तर एक शनिवार पुढे जा.

आणि फोनवर आईला "येशील का, थांबशील का" असं विचारू नकोस. ती नाहीच म्हणेल, तुझी अडचण होऊ नये म्हणून. तिला सांग, वड्यांचं अडीच किलो पीठ तिकडूनच दळून आण, इथल्या गिरणीत तसं मिळत नाही. ती लगेच तांदूळ धुऊन वाळत घालेल आणि डोंबिवलीचं मामाला तीच कळवेल.