बीपीच्या गोळीने केस गळतात का? गोळी बंद करून बघू का?

तुमची गोळी सुरू होऊन तीन महिने झालेत, केस मुठीनं यायला लागलेत आणि गोळी बंद करून बघावी असं तुमच्या मनात आहे. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नका करू. निदान आपल्या मनाने तरी नका. मी केली होती.

मला मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी सुरू झाली होती. अडीच-तीन महिन्यांनी न्हाताना केस बोटांत गुंतून यायला लागले. उशीवर केस, फणीत केस, ओढणीवर केस. वेणी बघता बघता निम्मी झाली. गोळ्यांसोबतचा तो बारीक अक्षरातला कागद उघडला, दुष्परिणामांत केस गळणं लिहिलेलं सापडलं आणि त्याच दिवशी गोळी थांबवली. घरात कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बसल्या जागी छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले. मशीन लावलं तर वरचा आकडा १७८. गोळी चालू होण्याआधीसुद्धा माझा एवढा कधी नव्हता.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही बीटा ब्लॉकर औषधं हृदयावर होणारा ॲड्रेनलिन या हार्मोनचा मारा अडवतात. शरीर त्याला सरावतं आणि हृदय उलट जास्त संवेदनशील होऊन बसतं. औषध एकदम काढलं की तो सगळा मारा उघड्या हृदयावर येतो. आधीपासून हृदयविकार असेल तर अशाने छातीत दुखू शकतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. क्लोनिडिन हे बीपीचं दुसरं औषध एकदम सोडलं तर बीपी असंच उसळतं. म्हणून अशा गोळ्या बंद करायच्या झाल्या तरी डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

आता केसांचं. हो, बीपीच्या गोळीने केस गळू शकतात. पण असं थोड्याच लोकांना होतं. जास्त नाव येतं ते बीटा ब्लॉकरचं, कधी एनालाप्रिल, कॅप्टोप्रिल या गटाचं. होतं असं की डोक्यावरच्या साधारण एक लाख केसांपैकी बहुतेक केस वाढत असतात आणि थोडे विश्रांतीत असतात. औषधामुळे नेहमीपेक्षा जास्त केस एकदम विश्रांतीत जातात, तिथे दोन-तीन महिने थांबतात आणि मग एकत्र गळतात. आजची गळती म्हणजे दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या घटनेचा परिणाम. कालपरवा सुरू झालेल्या गोळीवर आळ घेऊ नका, पण तुमच्यासारखे तीन महिने झाले असतील तर शंका रास्त आहे.

गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की जीव घाबरतो, केस मुळासकट आला असं वाटतं. तो ठिपका म्हणजे केसाची विश्रांतीतली गाठ. मूळ डोक्यातच असतं आणि त्यातून नवा केस येतो. औषधाची गळती सगळ्या डोक्यावर सारखी असते. एकाच जागी गोल चकती पडली असेल तर ती चाई, तिचं कारण वेगळं. फक्त भांग रुंदावत चाललाय किंवा कपाळ मागे सरकतंय, तर ते बहुधा आनुवंशिक.

आणि गोळीशिवायही संशयित असतात. थायरॉइड, शरीरातलं कमी लोह, दोन-तीन महिन्यांपूर्वीचा मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्याने उतरवलेलं वजन. माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं तर बरंच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या आणि बीपीच्या औषधातला बदल जवळजवळ एकाच वेळी झाला, त्यामुळे सगळा दोष मेटोप्रोलॉलवर टाकणं बरोबर होणार नाही. या तपासण्या करून घ्याच, फक्त केसांसाठी म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, आणि हार्ट अटॅक ओळखण्याची ट्रोपोनिन चाचणीसुद्धा फसू शकते. बीपीच्या माणसाने हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

केस उगवायला वापरतात ते मिनॉक्सिडिल मुळात बीपीचंच औषध. १९७९ मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला तीव्र उच्च रक्तदाबासाठी मान्यता मिळाली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, आणि १९८८ मध्ये ते डोक्याला लावायचं औषध म्हणून आलं. त्वचारोगतज्ज्ञांनी ते सुचवलं, विशेषतः गोळीच्या रूपात, तर तुमची बीपीची औषधं त्यांना दाखवा. तसंच स्पायरोनोलॅक्टोनचं. बायकांच्या केसगळतीवर ते देतात, पण टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांसोबत घेतलं तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकतं.

मी पहिल्यांदा केसांचं बोलले तेव्हा एका डॉक्टरांनी “बीपी महत्त्वाचं की केस?” असं म्हणून विषय संपवला होता. तुम्हालाही कुणी तसं म्हटलं तर गप्प बसू नका. बीपीच्या औषधांचे गट बरेच आहेत, आणि “गट बदलता येईल का?” हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, डोस कधी वाढला, गळती कधी लागली, एवढं कागदावर लिहून न्या.

माझा डोस उतरवत दोन आठवड्यांत गोळी बदलली. बदलल्यावरही दोन महिने केस गळतच होते, ते आधीच विश्रांतीत गेलेले. त्या दोन महिन्यांत मी रोज रडवेली व्हायचे. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे आरशात रोज बघून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, भांगाचा फोटो काढत गेले. चौथ्या फोटोत कपाळालगत बोटाच्या पेराएवढे, सरळ उभे राहणारे केस दिसले.