लिहायला बसले की हात थांबतो

“पूर्वी सहज लिहीत होते, आता तासन्‌तास कोऱ्या पानासमोर बसूनही काही सुचत नाही, माझी प्रतिभा आटली असेल का?” ही चिंता घेऊन लिहिती माणसे माझ्याकडे वरचेवर येतात. त्यांपैकी एका बाईंचा अनुभव त्यांच्या संमतीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

या बाई बँकेत नोकरी करतात आणि त्यांच्या कथा अधूनमधून दिवाळी अंकांत छापून येत असत. दोन वर्षांपूर्वी एक कथा ‘पसरट झाली आहे’ एवढ्याच शेऱ्यासह परत आली आणि तेव्हापासून त्यांच्या हातून एकही कथा पूर्ण झाली नव्हती. दरम्यान त्यांनी मोबाइलवर लेखनाची ॲप घेतली आणि ऑनलाइन कार्यशाळाही केल्या, पण त्यामुळे अपराधीपणा तेवढा वाढला.

लेखनाकडे वळण्यापूर्वी मी त्यांना झोप, भूक, कामातले लक्ष आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस यांविषयी सविस्तर विचारले. मन उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, आणि जोडीला झोप, भूक, उत्साह यांत बिघाड, असे दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज होत असेल, तर प्रश्न लेखनाचा न राहता नैराश्याचा असू शकतो, आणि अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांना भेटणेच योग्य. बाईंच्या बाबतीत तसे काही आढळले नाही.

पुढच्या भेटीला त्यांनी वही आणली. एका पानावर कथेचे पहिलेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून खोडलेले होते. ‘ती खिडकीशी उभी होती’ची ‘ती खिडकीपाशी थांबली’ झाली होती, मग ‘खिडकीपाशी ती’, आणि त्याखाली पान कोरे. सुचत नव्हते असे मला ते पान पाहून मुळीच वाटले नाही; सुचलेला प्रत्येक शब्द शाई वाळण्याआधीच तपासला जात होता. लिहिणे आणि तपासणे ही दोन्ही कामे आवश्यक आहेत, पण ती एकाच बैठकीत केली की तपासणाराच जिंकतो, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकी अध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये मांडलेली मुक्तलेखनाची रीत मी त्यांना सुचवली: दहा मिनिटे हात थांबवायचा नाही, खोडायचे नाही, मागे वळून वाचायचे नाही, आणि काहीच आले नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहायचे. “असे काहीबाही लिहून काय हाती लागणार, मॅडम?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून ते लेखन पाठकोऱ्या कागदांवर करायचे आणि कोणालाही दाखवायचे नाही, असे आम्ही ठरवले.

विषय मात्र मी मुद्दाम अरुंद दिले. ‘आई’ किंवा ‘पाऊस’ अशा विषयांवर आधीच इतके लिहिले गेले आहे की लेखणीला आयती वाक्येच मिळतात. त्याऐवजी ‘आईच्या फडताळातला सर्वांत वरचा खण’ एवढेच सांगितले. त्यातून पितळी डबा आला, डब्याखाली घातलेले कॅलेंडरचे तेलकट पान आले, आणि त्या पानावर आईने पेन्सिलीने मांडलेला उसनवारीचा हिशोब आला. तो लिहिताना बाई रडल्या आणि आपले काही बिघडले का, म्हणून घाबरल्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६ मधील प्रयोगात सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे क्लेशदायक अनुभव लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी घटनेसोबत भावनाही लिहिल्या, ते लिहून झाल्यावर लगेच अधिक खिन्न झाले होते, मात्र पुढील काही महिन्यांत त्यांचे डॉक्टरकडे जाणे तुलनेने कमी झाले, हे मी त्यांना सांगितले. अर्थात लिहिताना त्रास असह्य झाला तर तिथेच थांबावे, आणि अशा प्रत्येक लेखनाची कथा झालीच पाहिजे असेही नाही.

हिशोबाची मात्र कथा झाली. बाई आता सकाळी कामावर जाण्यापूर्वी दहा मिनिटे लिहितात, दुरुस्तीला फक्त रविवारी हात लावतात आणि संगणकावर उतरवताना शुद्धलेखनाच्या तांबड्या रेषा बंद ठेवतात. कथेचा पहिला खर्डा पूर्ण झाला आहे. त्यातला मधला भाग पसरट आहे, असे त्यांनी स्वतःच मला सांगितले, आणि येत्या रविवारी तो आवळायला घेणार आहेत.