घर सोडण्याआधी : चाकांवरच्या वास्तव्याविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे (वय ६३ आणि ६०) अमेरिकेत राहतो आणि नुकतेच नोकरीतून निवृत्त झालो आहोत. मुले आपापल्या गावी स्थिरावली आहेत. येत्या वसंत ऋतूत राहते घर विकावे, त्या पैशांतून मोठे मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घ्यावे आणि यापुढे कायम त्यातच राहावे, असा आमचा विचार आहे. आजवर भाड्याच्या आरव्हीतून (अशाच राहण्याच्या गाडीतून) एकदाच दहा दिवस हिंडलो आहोत. गाडी कोणती घ्यावी आणि निघण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

उत्तर : आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मी आधी घेत आहे, कारण गाडी चुकली तर ती बदलता येते, मात्र घर विकण्याची घाई झाली तर ती सहसा निस्तरता येत नाही. घर आपली कितीतरी कामे निमूटपणे करीत असते. ते आपल्याला पत्ता देते, पाणी आणते, सांडपाणी नेते, टपाल सांभाळते, विम्याला आणि मतदानाला आधार देते आणि आजारपणात पडून राहायला जागा देते. घर सोडण्याची तयारी म्हणजे ही कामे एकेक करून ओळखणे आणि प्रत्येकाची पर्यायी व्यवस्था आधी उभी करणे. गाडीची खरेदी हा त्यातील एक भाग आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत अवघड भाग नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, पहिल्या वर्षी घर विकू नका, ते वर्ष चाचणीचे समजा. दहा दिवसांची सहल आणि कायमचे वास्तव्य यांत फार अंतर आहे; सहलीत पाऊस लागला तर आपण परत येतो, वास्तव्यात मात्र त्याच पावसात छताची गळती शोधावी लागते. घर ठेवण्यात करांच्या दृष्टीनेही सहसा तोटा नाही. विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षे ते घर आपल्या मालकीचे आणि आपले मुख्य निवासस्थान असेल, तर एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंतच्या नफ्यावर संघीय प्राप्तिकरातून सूट मिळते. याचा अर्थ असा की, घर सोडून ते भाड्याने दिल्यानंतरही साधारण तीन वर्षांच्या आत विकले तर ही सूट हातची जात नाही. भाड्याच्या काळात घेतलेल्या घसाऱ्यावर, म्हणजे घराच्या झिजेपोटी घेतलेल्या करवजावटीवर, तेवढा कर भरावा लागतो. घर भाड्याने न देता नुसते कुलूप लावून ठेवणार असाल, तर विमा कंपनीला तसे आधी कळवा, कारण घर बराच काळ रिकामे राहिल्यास अनेक पॉलिसींमधील संरक्षण कमी होते.

या चाचणीच्या वर्षात पत्ता, वाहन परवाना, डॉक्टर आणि आरोग्य विमा जुन्याच राज्यात राहू द्या. घर एका राज्यात आणि कागद दुसऱ्या राज्यात अशी स्थिती ठेवली, तर जुने राज्य आपल्याला रहिवासी मानून कर मागू शकते. घर खरोखर विकायचे ठरल्यावरच कायदेशीर निवासाचे राज्य बदलावे. कायम फिरत राहणारे बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा निवडतात. ही राज्ये वेतनावर किंवा निवृत्तिवेतनावर राज्य प्राप्तिकर आकारत नाहीत, आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तेथे दीर्घकाळ रुळलेल्या आहेत. अशा सेवेला आपले टपाल घेण्याचा अधिकार देण्यासाठी टपाल खात्याचा १५८३ क्रमांकाचा अर्ज आपली ओळख पटवून भरावा लागतो. बँका मात्र टपालसेवेचा पत्ता निवासाचा पत्ता म्हणून नाकारू शकतात. तेव्हा बँकेशी बोलणे निघण्यापूर्वीच उरकावे, प्रवासात खाते गोठले तर त्याचा फार मनस्ताप होतो. राज्य निवडताना गाडीचाही विचार करावा. उदाहरणार्थ, २६,००० पौंडांपेक्षा अधिक क्षमतेचे मोटरहोम चालवण्यासाठी टेक्सासमध्ये साधा परवाना चालत नाही, वरच्या वर्गाचा बिगर-व्यावसायिक परवाना काढावा लागतो. आणि आपल्यापैकी कोणी नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असेल, तर पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांच्या आत तो इमिग्रेशन खात्याला एआर-११ अर्जाद्वारे कळवणे बंधनकारक आहे; फिरस्तीच्या नादात ही गोष्ट विसरली जाता कामा नये.

आरोग्य विम्याविषयी मला विशेष काळजी वाटते. पासष्टीपूर्वी सरकारी विमा बाजारपेठेतून घेतलेल्या योजना राज्यानुसार आणि परगण्यानुसार ठरतात, आणि त्यांतील अनेक योजना आपल्या भागाबाहेर केवळ तातडीच्या उपचारांचाच खर्च देतात. म्हणून निवासाचे राज्य ठरवताना तेथे कोणत्या योजना उपलब्ध आहेत हे आधी पाहा, करबचत नंतर. पासष्टीनंतर मूळ मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा संघीय सरकारी आरोग्य विमा, घेतल्यास ते स्वीकारणाऱ्या देशभरातील कोणत्याही डॉक्टरकडे जाता येते. खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना मात्र बहुधा ठरावीक भागातील डॉक्टरांच्या जाळ्यापुरत्या असतात. मूळ मेडिकेअरला जोडून मेडिगॅप, म्हणजे तिने न दिलेला खर्च भागवणारी पूरक पॉलिसी, घ्यायची असेल, तर पासष्टी पूर्ण होऊन मेडिकेअरचा भाग बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासूनचे सहा महिने चुकवू नका. त्या मुदतीत प्रकृतीच्या कारणावरून आपला अर्ज नाकारता येत नाही, त्यानंतर बहुतेक राज्यांत नाकारता येतो. आपल्यापैकी एकांची ही वेळ दोन वर्षांवर आली आहे.

आता गाडी. वारंवार मुक्काम हलवणाऱ्यांना मध्यम आकाराचे मोटरहोम सोयीचे पडते; एकेका ठिकाणी महिना-महिना राहणाऱ्यांना पिकअप ट्रकने ओढायचे फिफ्थ व्हील प्रकारचे मोठे ट्रेलर अधिक घरासारखे वाटते, आणि ट्रक दुरुस्तीला गेला तरी घर जागेवर राहते. नवी गाडी पहिल्या काही वर्षांत झपाट्याने किंमत गमावते, म्हणून तीन ते पाच वर्षे वापरलेली गाडी स्वतंत्र तपासनीसाकडून पाहून घेणे मला शहाणपणाचे वाटते. विक्रेत्याच्या अंगणात उभी असलेली गाडी बाहेर सरकणाऱ्या सर्व भिंती उघडून दाखवली जाते. आपण त्या बंद करायला सांगा आणि मग फ्रिज उघडता येतो का, स्वच्छतागृहात जाता येते का, पलंगापर्यंत पोहोचता येते का हे पाहा. प्रवासात दुपारी रस्त्याकडेला थांबल्यावर गाडी याच अवस्थेत असणार आहे.

परंतु माझ्या अनुभवात नवख्यांचा सर्वांत मोठा घात होतो तो वजनाने, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. प्रत्येक गाडीवर तिच्या कमाल एकूण वजनाची मर्यादा आणि ती किती भार वाहू शकते याचे लेबल लावलेले असते. मोटरहोमच्या लेबलावरील आकड्यात माणसांचेही वजन धरलेले असते. तो आकडा प्रथम ऐकताना मोठा वाटतो, पण एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते. म्हणजे १०० गॅलनची टाकी भरली की ८३४ पौंड केवळ पाण्याचेच झाले. त्यावर दोन माणसे, कपडे, भांडी, अवजारे, पुस्तके आणि ‘असू द्या, लागेल’ म्हणून घेतलेल्या वस्तू आल्या की मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. आम्ही आमची गाडी पूर्ण भरून पहिल्यांदा ट्रक-थांब्यावरच्या वजनकाट्यावर नेली, तेव्हा एकूण वजन मर्यादेत होते, पण मागच्या आसावरचा भार मर्यादेबाहेर गेला होता. त्या संध्याकाळी आम्ही लोखंडी तवे, जुने शिवणयंत्र आणि पुस्तकांची दोन खोकी उतरवली. टायर फुटण्याच्या घटनांमागे अतिभार आणि कमी हवा ही जोडी फार वेळा असते, आणि मोटरहोमचा पुढचा टायर वेगात फुटला तर गाडी सावरणे कठीण जाते. म्हणून प्रत्येक आसाचे वजन वेगळे मोजा, टायर बनवणाऱ्यांच्या भार-तक्त्यानुसार हवा भरा आणि टायरचे वय पाहा. टायरच्या बाजूवरील डीओटी संकेतांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आरव्हीचे टायर झिजण्यापूर्वीच वयाने निकामी होतात, म्हणून नक्षी खोल दिसते यावर विसंबू नये.

सांडपाण्याविषयी नवख्यांना वाटणारी किळस पंधरा दिवसांत ओसरते, पण एक चूक टाळा. सांडपाण्याची नळी जोडलेली आहे म्हणून शौचालयाच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवू नका. पाणी वाहून जाते आणि घट्ट मैला आत साचून दगडासारखा होतो. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, मग ती रिकामी करा, आणि त्यानंतर आंघोळीच्या पाण्याची टाकी सोडा, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. गाडीतील धूर, गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणाऱ्या यंत्रांवर त्यांची मुदत छापलेली असते, तीही जुन्या गाडीत पहिल्याच दिवशी पाहावी.

विम्यात साध्या आरव्ही पॉलिसीवर थांबू नका. कायम राहणाऱ्यांसाठीची वेगळी पॉलिसी मिळते, तिच्यात सामानाचे आणि आपल्यामुळे इतरांना इजा झाल्यास येणाऱ्या दायित्वाचे संरक्षण असते, जे आजवर घराच्या विम्यातून मिळत होते.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगते. गाडी चालवणे, मागे घेणे, वीज जोडणे, टाक्या रिकाम्या करणे ही कामे दोघांनाही आली पाहिजेत. एकाने सगळे करायचे आणि दुसऱ्याने सोबत बसायचे अशी वाटणी झाली, तर ज्या दिवशी एकाचा हात मोडेल किंवा छातीत दुखू लागेल, त्या दिवशी दुसरे माणूस अनोळखी ठिकाणी अडकून पडते. चाचणीच्या वर्षात किमान तीन महिने सलग राहा, त्यांत एखादा थंडीचा आठवडा मुद्दाम काढा, आणि दर चौथ्या दिवशी सगळी कामे अदलाबदल करून करा.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून एकटी राहते आणि संगणकावर दूरस्थ नोकरी करते. अमेरिकेतच छोट्या ट्रेलरमध्ये राहून काम करण्याचा विचार आहे. वीज आणि इंटरनेट यांचा हिशेब कसा करावा?

उत्तर : ३० अँपियरची जोडणी १२० व्होल्टवर जास्तीत जास्त ३,६०० वॉट देते. वातानुकूलन यंत्र चालू असताना मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवण्याचे विजेचे यंत्र एकदम लावले की खटका पडतो, आणि तो नेमका बैठकीच्या वेळी पडतो. ५० अँपियरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या असल्याने १२,००० वॉटपर्यंत मिळतात, पण लहान ट्रेलर सहसा ३० अँपियरचेच असतात. खांबावरील जोडणी सदोष असू शकते, तेव्हा व्होल्टेज तपासून गरज पडल्यास वीज तोडणारे संरक्षक यंत्र आधी घ्या, बाकीची हौस नंतर.

जोडणीविना राहणार असाल तर बॅटरीचा हिशेब वॉट-तासांत मांडा. लॅपटॉपला ६० वॉट आणि उपग्रह इंटरनेटच्या संचाला तेवढेच धरले, तर आठ तासांत सुमारे ९६० वॉट-तास लागतात. १२ व्होल्टची, १०० अँपियर-तासांची बॅटरी साधारण १,२०० वॉट-तास साठवते. शिसे-आम्लाची असेल तर तिच्यातील निम्मीच शक्ती वापरावी, लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर बहुतांश वापरता येते. म्हणजे केवळ नोकरीपुरती एक लिथियम बॅटरी आणि दिवे, पंप, पंखा यांसाठी दुसरी, हा मला किमान संच वाटतो. इंटरनेटसाठी दोन वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांची जोडणी ठेवा. उपग्रहाच्या तबकडीला मोकळे आकाश लागते, दाट झाडीतील सुंदर जागा तिच्या उपयोगाच्या नाहीत.

संघीय भूव्यवस्थापन खात्याच्या, म्हणजे बीएलएमच्या, मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात १४ दिवस विनामूल्य राहता येते, त्यानंतर हलावे लागते. वेगवेगळ्या राज्यांतून काम करण्यासाठी आपल्या कार्यालयाची मात्र लेखी परवानगी घ्या. आपण जेथे बसून काम करता त्या राज्याचे कर आणि कामगार नियम लागू होऊ शकतात, आणि ही गोष्ट कार्यालयाला उशिरा कळली तर नोकरीच धोक्यात येते.

प्रश्न : आमचे निघायचे ठरले आहे, पण तीस वर्षांचे सामान पाहिले की हात थांबतात. सगळे एखाद्या भाड्याच्या कोठीत ठेवून जावे का?

उत्तर : पहिल्या उत्तरात सांगितलेल्या चाचणीच्या वर्षापुरते ठेवा, आणि बारा महिन्यांनंतरची तारीख आजच लिहून ठेवा. फर्निचरसाठी कोठी घेऊ नका, कारण काही वर्षांत भाडे त्याच्या किमतीपुढे जाते. आवरायची सुरुवात भावनांशी न जोडलेल्या खोलीपासून, म्हणजे गॅरेजपासून करा. माणसाला निवडण्याची सवय हळूहळू लागते. मुलांना काय हवे ते विचारा, आणि त्यांनी नको म्हटले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांचीही घरे भरलेली असतात.

कागदपत्रांचे दोन भाग करा. पासपोर्ट, नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची कागदपत्रे, गाडीचे विमापत्र आणि औषधांची यादी गाडीत अग्निरोधक पेटीत असावी. मृत्युपत्राची आणि मालमत्तेची मूळ कागदपत्रे विश्वासू नातेवाइकाकडे किंवा वकिलाकडे ठेवा, आणि आपल्या वतीने वैद्यकीय व आर्थिक निर्णय घेण्याचे अधिकारपत्र नव्या राज्याच्या नमुन्यानुसार पुन्हा करून घ्या.

छायाचित्रांच्या वह्यांना मात्र घाई करू नका. त्या गाडीत नेऊ नयेत, कारण बंद गाडीतील उष्णता आणि ओल त्यांची नासाडी करते. हिवाळ्यात रोज एक वही घेऊन बसा, दोघांनी मिळून चित्रांच्या प्रती काढा, कोणत्या चित्रात कोण आहे ते नावानिशी लिहा, आणि मूळ वह्या ज्या मुलाचे घर कोरडे असेल त्याच्याकडे द्या.