पगार ४२ हजार, कर्ज सहा लाख, बायकोला माहीत नाही. घरखर्चाचं बजेट करून फेडता येईल का?

दादा, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही, म्हणून रात्री भांडी आवरून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की हातात ४२ हजार येतात, दोन क्रेडिट कार्डं आहेत, एक पर्सनल लोन, ओळखीतल्या एकाकडून महिना ५ टक्क्यांनी घेतलेले ५० हजार, सगळं मिळून सहा लाखाच्या आसपास, आणि बायकोला टेन्शन न देता दोन वर्षांत फेडायचंय तर बजेट कसं करू. बजेटचं सांगते, पण तिला न सांगता ते होणार नाही. मी तुमच्या बायकोच्या जागेवर होते म्हणून एवढं ठामपणे म्हणतेय.

आम्ही सांगलीचे. आमचे हे कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, मी घरी ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरून अंदाज करा. फ्रीज, कपाट, गाद्या, माझं शिलाई मशीन, सगळं गेलं. तेव्हा माझ्या पाटल्या आणि गंठण बँकेत ठेवून १ लाख १० हजार उचलले, ते मला माहीत होतं. पुढं लॉकडाऊनमध्ये पगार कापला, २०२१ ला परत पाणी आलं, त्यात सासऱ्यांचं आजारपण, आणि या सगळ्यात यांनी कुठून कुठून पैसे उभे केले ते मी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

२०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर यांची पँट धुवायला टाकताना खिशात कार्डाचं स्टेटमेंट सापडलं, चार घड्या घालून ठेवलेलं. बाकी ८४ हजार. मला राग आला तो कर्जाचा नव्हता. त्याच महिन्यात मी भिशीच्या पैशातून जावेच्या बाळाच्या बारशाला ३२०० चे चांदीचे वाळे घेतले होते, यांना विचारून घेतले होते, आणि हे हो म्हणाले होते. मला माहीत असतं तर मी साधं झबलं-टोपडं घेतलं असतं आणि कुणाला वाईटही वाटलं नसतं. म्हणजे एकीकडं हे जेवणाचा डबा घेऊन बाहेरचा चहा सोडून पैसे वाचवत होते आणि दुसरीकडं मी अजाणता खर्च करत होते. तुमच्या घरी आत्ता हेच चालू असणार बघा. घरात पैसा कुठं जातो हे स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईइतकं कुणाला कळत नाही, तिलाच बाहेर ठेवून कसलं बजेट करणार.

त्या रात्री आम्ही सगळे जमिनीवर बसलो, सासरे, हे, मी, आणि नववीतली मुलगी पण. मुलीला उठवू नको म्हणत होते हे, मी म्हटलं बसू दे, नाहीतर उद्या काही मागितल्यावर नाही म्हटलं की तिला वाटेल आपल्यावर चिडलेत. कॅलेंडरच्या मागं दुधाचा हिशोब लिहितो तिथं तिनंच एकेक आकडा लिहिला. कार्ड ८४ हजार. पर्सनल लोन १ लाख ६० हजार शिल्लक, हप्ता ४८६४. सोनं १ लाख १० हजार. पतसंस्था ६० हजार. किराणा दुकानाची उधारी ७२००. झालं एवढंच म्हणाले. साडेअकराला पाणी प्यायला उठले, परत येऊन बसले आणि म्हणाले दाजींकडून ४० हजार हातउसने पण आहेत. म्हणून सांगते, सगळ्यात लाजेचा आकडा माणूस सगळ्यात शेवटी सांगतो, तुमचंही तसंच होईल, तेव्हा एका बैठकीत संपलं असं समजू नका, दुसऱ्या दिवशी परत एकदा बसा. आमची बेरीज ४ लाख ६१ हजार २०० झाली. मुलीनं खाली दोन रेघा मारल्या.

आता व्याजाचं. हे दर महिन्याला कार्डाचे ४२०० भरत होते आणि त्यांना वाटत होतं कर्ज फिटतंय. आम्ही स्टेटमेंट उलगडून बघितलं, व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ८४ हजारावर २९४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५२९. ४२०० मधले ३४६९ असेच गेले, मुद्दल कमी झालं ७३१ रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल भरलं नाही की पुढच्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पेट्रोल टाकलं तरी त्या दिवसापासून व्याज. तुमची दोन कार्डं आहेत, तुम्ही आज रात्रीच हे गणित करून बघा, आणि दोन्ही कार्डं कापून टाका, फोनमधल्या ॲपवर सेव्ह केलेली असतील तीही काढा.

कुठलं आधी फेडायचं तर ज्याचं व्याज जास्त ते आधी, मग रक्कम लहान असो का मोठी. तुमच्या बाबतीत ते ५ टक्केवाले ५० हजार. महिना ५ म्हणजे वर्षाला ६०, नुसतं व्याज अडीच हजार महिन्याला. त्या माणसाकडं सावकारीचा परवाना आहे का ते विचारा, नसणार बहुतेक. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, आणि कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतली असेल तर ते तर फारच वाईट, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात तक्रार करता येते. पण मी म्हणेन आधी मुद्दल गोळा करून ते तोंड बंद करा, आणि पैसे रोख देऊ नका, खात्यातून द्या म्हणजे पुरावा राहतो.

आमच्याकडं कार्ड पहिलं होतं. मी आमच्या बचत गटातून ४० हजार उचलले, महिना १ टक्का, ते सगळे कार्डात भरले. कर्ज काढून कर्ज फेडलं म्हणून सासरे नाराज होते, त्यांचंही बरोबर होतं, कारण कार्ड हातात राहिलं असतं तर सहा महिन्यांत दोन्ही कर्जं अंगावर आली असती. कार्ड कापलेलं होतं म्हणून हे चाललं. उरलेल्या ४४ हजारात महिन्याला साडेसात-आठ हजार घालत गेलो, डिसेंबरपासून सात महिने, २०२२ च्या जूनमध्ये ते शून्य झालं. बचत गट नसेल तर एलआयसीची जुनी पॉलिसी असेल त्यावर लोन मिळतं, कंपनीची पगारदार पतसंस्था असते, बायकोचं सोनं बँकेत ठेवता येतं. यातलं शेवटचं तिनं स्वतःहून म्हटलं तरच, तुम्ही विषय काढू नका.

हे साडेसात हजार आले कुठून ते विचाराल. तेव्हा पगार ३१ हजार, माझे शिलाईचे तीन हजार धरले, कधी जास्त यायचे पण धरायचे तीनच. सात तारखेला पगार झाला की हे एटीएममधून घरखर्चाचे रोख काढून आणायचे आणि आम्ही लग्नपत्रिकांच्या रिकाम्या पाकिटांत वाटून ठेवायचो, किराणा ५५००, दूध १८००, भाजी २०००, पेट्रोल १८००, लाईट, गॅस, रिक्षा, औषधं. पतसंस्थेचे २२००, बचत गटाचा हप्ता आणि पर्सनल लोनचा हप्ता आधी बाजूला, कार्डाचे त्याच दिवशी भरून टाकायचे, महिन्याच्या शेवटी उरेल ते भरू असं ठेवलं तर काही उरत नाही हो. पाकिटं का, तर यूपीआयनं पैसे गेलेले दिसतच नाहीत. मुलीनं एका महिन्याचं यांच्या फोनमधलं बघून लिहून काढलं होतं, २० रुपये, ३५ रुपये, ६० रुपये, असे मिळून २३४० निघाले. यांना त्यातले चारच आठवले. भाजीचं पाकीट २० तारखेला पातळ झालं की हाताला कळतं, मग चार दिवस पिठलं, मुगाची आमटी, मटकी.

किराण्याची ७२०० ची उधारी मात्र मी कार्डाच्याही आधी फेडली, व्याज नसताना. उधारीवाल्याला भाव विचारता येत नाही. देतो तो तांदूळ, लावतो तो भाव, आणि "वहिनी हे पण घेऊन जा" म्हटलं की आपण घेतो, कारण आपण देणं लागतो. उधारी मिटल्यावर मी रोख पैसे घेऊन मार्केट यार्डातून ज्वारी, गूळ, डाळी आणायला लागले, तेव्हा कळलं आपण किती जास्त देत होतो. औषधांचंही तसंच, सासऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना १४०० लागायचे, डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून त्याच घटकाच्या घ्यायला लागलो, पाचशेच्या आसपास यायला लागल्या.

काय कापलं नाही तेही सांगते. मुलीचं दूध, आणि सासऱ्यांचा सकाळचा पेपर. पेपर बंद करतो असं ते स्वतः म्हणाले होते, मी होऊ दिलं नाही, महिन्याला दीडशे-दोनशेसाठी म्हाताऱ्या माणसाची सकाळ का घालवायची. आणि एक पाकीट होतं त्यावर "पाणी" लिहिलेलं, महिन्याला ५०० त्यात. जुलैत नदी वाढली की टेम्पो करून सामान हलवायला लागतं, आधी ते पैसे कार्डावर यायचे. तुमच्याकडं पूर येत नसेल पण शाळेची फी, गाडीचा इन्शुरन्स, कुणाचं लग्न, असं वर्षातून एकदा येणारं काहीतरी असतंच, त्याचं वर्षाचं गणित करून बाराने भागा आणि पहिल्या महिन्यापासून बाजूला ठेवा. बहुतेकांचं बजेट इथंच मोडतं.

कार्ड संपल्यावर तोच पैसा सोन्याकडं वळवला. २०२३ च्या दिवाळीच्या आधी बँकेत गेलो, त्यांनी सीलबंद पाकीट फोडून पाटल्या माझ्या हातात दिल्या. मी तिथंच काउंटरला घातल्या, चार वर्षांनी. पतसंस्था पुढच्या वर्षी संपली. दाजींना तीन दिवाळ्या बोनसमधून दहा-दहा हजार दिले, ते नको म्हणत होते तरी दिले, शेवटचे दहा आणि पर्सनल लोनची उरलेली रक्कम २०२५ च्या जानेवारीत. तीन वर्षं दोन महिने लागले. तुम्ही दोन वर्षं म्हणताय, सहा लाखाला ती कमी पडतील असं मला वाटतं, तीन-साडेतीन धरा म्हणजे मध्ये निराश होणार नाही.

वसुलीचे फोन येत असतील तर एक लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, शिवीगाळ, धमकी तर नाहीच, आणि तुमच्या नातेवाईकांना त्रास देता येत नाही. आम्हाला एक जण रात्री साडेनऊला फोन करायचा, यांनी नाव, वेळ लिहून बँकेला ईमेल केला, नंतर नाही आला. सेटलमेंट करा, निम्म्यात मिटवतो असं सांगतील, तर ते सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या रिपोर्टवर, "सेटल्ड" म्हणून राहतं आणि पुढं घराचं लोन मागायला गेलं की अडतं, शक्य असेल तर पूर्ण फेडा आणि नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नाही असं बँकेचं पत्र हातात घेतल्याशिवाय फाईल बंद समजू नका.

बायकोला सांगायचं तर येत्या रविवारी सकाळी सांगा, रात्री नको, रात्री सांगितलं की ती जागी राहते. सगळी स्टेटमेंटं समोर ठेवा, अर्धी नको. ती रडेल, बोलेल, दोन दिवस अबोला धरेल, माझा चार दिवस होता. मग तीच वही घेऊन बसेल. मला खात्री वाटते कारण मी बसले होते. सांगून झालं की इथं खाली आकडे टाका, प्रत्येक कर्जाची बाकी, व्याज, हप्त्याची तारीख आणि तिनं सांगितलेला घरखर्च, मी आणि हे दोघं मिळून बघून सांगतो.