पोटॅशियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो?

प्रश्न: तिसऱ्या कवचात 18 इलेक्ट्रॉन मावतात, मग पोटॅशियमचं संरूपण (कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ती मांडणी) 2, 8, 9 का नाही? 2, 8, 8, 1 का?

उत्तर: 18 ही कमाल क्षमता झाली. ती पुरी भरल्याशिवाय पुढे जायचंच नाही, असा नियम नाही. रावेरला माझ्याकडे शिकवणीला येणारी निम्मी पोरं इथेच अडकतात.

कवचाच्या आत उपकवचं असतात. तिसऱ्यात तीन: 3एस मध्ये 2, 3पी मध्ये 6, 3डी मध्ये 10. 18 इलेक्ट्रॉनवाल्या आर्गॉनला यातली 3एस आणि 3पी भरून होतात. आता पोटॅशियमचा 19वा आला. 4एस, म्हणजे चौथ्या कवचाचं पहिलं उपकवच, त्यातला इलेक्ट्रॉन अधूनमधून केंद्रकाच्या पार जवळ घुसतो. 3डी वाल्याला मात्र आतल्या 18 जणांचा आडोसा पडतो. म्हणून इथे 4एस ची ऊर्जा कमी, आणि तो तिथेच बसतो. कॅल्शियमचा विसावाही तिथेच. 3डी भरायला स्कँडियमपासून सुरुवात होते: 2, 8, 9, 2. तुमचा तो 9 तिथे सापडेल!

हा एकटा इलेक्ट्रॉन इतका सैल असतो की पोटॅशियम धातू रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पाण्यात टाकला तर जांभळट ज्योतीने पेटतो. आपण केळीला पोटॅश (पोटॅशियम क्लोराईड खत) टाकतो त्यात मात्र तो इलेक्ट्रॉन क्लोरीनने आधीच नेलेला असतो. उरतो 2, 8, 8 वाला शांत आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला पोटॅशियमचा अणू. तोच मुळं शोषतात, म्हणून ठिबकमधून पोटॅश सोडलं तरी बागेत भडका उडत नाही.