आईच्या बीपीच्या गोळीचं नाव ‘नापास’ औषधांच्या यादीत आलंय, गोळी बंद करू का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आई रोज टेल्मिसार्टन ४० घेते आणि केंद्र सरकारच्या ‘नापास’ औषधांच्या बातमीत तेच नाव दिसलं, तर गोळी थांबवायची का? आणि सरकार औषध परत मागवतं तेव्हा ते घेणाऱ्या माणसाला कुणीच कसं कळवत नाही?

गोळी थांबवू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

नागपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी काउंटरवर हाच प्रश्न असतो, आणि विचारायला आलेल्यांतल्या एखाद्याने तोवर गोळी सोडूनही दिलेली असते. मला त्या यादीपेक्षा याची धास्ती जास्त वाटते. बीपीची, फिटची, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी गोळी मनानं थांबवली तर होणारं नुकसान हे थोड्या कमी दर्जाच्या गोळीच्या नुकसानापेक्षा बहुतेक वेळा मोठं असतं. शंका असेल तर त्याच औषधाची दुसऱ्या बॅचची किंवा दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप घ्या. कंपनी बदलताना डॉक्टरांना एक फोन करा. पण खाडा नको.

आता ती यादी. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, म्हणजे सीडीएससीओ, दर महिन्याला आपल्या वेबसाइटवर ती टाकते. आमच्या धंद्यात तिला ‘एनएसक्यूची लिस्ट’ म्हणतात. एनएसक्यू म्हणजे ठरलेल्या दर्जाचं नसलेलं औषध. बातमीत फक्त ‘इतकी औषधं नापास’ आणि दोन-चार ओळखीची नावं येतात. मूळ यादीत प्रत्येक ओळीत औषधाचं नाव, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, बनवणारी कंपनी आणि नापास होण्याचं कारण एवढं सगळं असतं. त्यातला कामाचा रकाना बॅच नंबरचा. टेल्मिसार्टन या देशात कितीतरी कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीच्या वर्षाला कितीतरी बॅच निघतात. नापास झालेली असते त्यातली एक.

स्ट्रिप हातात घ्या. एका टोकाला बी.नं. असं इंग्रजीत छापलेलं किंवा ठोकलेलं असतं, त्याखाली उत्पादन आणि मुदतीचा महिना. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांत गल्लत होते, म्हणून मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघा. मग कंपनीचं नाव जुळवा, आणि लोक फसतात ते इथेच. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात असते ती विकणारी, मार्केटिंग करणारी कंपनी. गोळी प्रत्यक्षात बनवलेली असते हिमाचलात बद्दीला नाहीतर उत्तराखंडात कुठेतरी, दुसऱ्याच कारखान्यात, आणि ते नाव मागे मुंगीएवढ्या अक्षरात असतं. यादीत बहुधा तेच बारीक नाव येतं. म्हणजे तुमचा ब्रँड यादीत दिसला नाही म्हणून सुटलात असं नाही, आणि औषधाचं नाव दिसलं म्हणून अडकलात असंही नाही.

कारणाचा रकानाही वाचायला शिका. ‘डिझोल्युशन’ असेल तर गोळी ठरलेल्या वेळात पुरेशी विरघळली नाही. ‘असे’ (इंग्रजी Assay) लिहिलं असेल तर औषधाचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेत भरलं नाही. ‘डिस्क्रिप्शन’ म्हणजे रंगरूप वर्णनाप्रमाणे नाही. हे सगळं गैरच आहे, मी कुणाची वकिली करत नाही. पण यातलं काही विष नव्हे. इंजेक्शनात निर्जंतुकपणा नसणं किंवा सिरपमध्ये डीईजी (डायइथिलीन ग्लायकॉल, किडनी निकामी करणारं विषारी रसायन) सापडणं ही वेगळ्याच पायरीची गोष्ट. बातम्या या सगळ्यांना एकाच ‘नापास’ शब्दात कोंबतात.

शिवाय नापास आणि बनावट यांतही फरक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जी यादी गाजली, तिच्यात शेलकॅल ५०० आणि पॅन-डी यांची नावं होती. घराघरातली औषधं, त्यामुळे खळबळ उडाली. पण त्या बॅच आम्ही बनवलेल्याच नाहीत, त्या बनावट आहेत, असं त्या कंपन्यांनी कळवल्याची नोंद त्याच यादीत होती. ती ओळ फार थोड्यांनी वाचली असेल.

यादी उशिरा का येते, हेही सांगतो. औषध निरीक्षक दुकानात येतो, पैसे देऊन नमुना घेतो, त्याचे भाग करून सील करतो. एक भाग दुकानदाराकडे राहतो, एक सरकारी विश्लेषकाकडे जातो, एक कोर्टासाठी, एक पुढे उत्पादकासाठी. अहवाल यायला वेळ लागतो. तो मान्य नसेल तर आव्हान द्यायला कायद्याने २८ दिवस आहेत. एवढं होईपर्यंत चालू औषधाची बॅच विकून संपलेलीही असते. मग आमच्याकडे पत्र येतं: हा माल कुणाकडून घेतला, किती विकला, किती शिल्लक आहे, बिलं दाखवा. शिल्लक माल बाजूला काढून ठेवायचा, विकायचा नाही आणि स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, परत पाठवायचा. तो क्रेडिट नोट देतो, पुढे कंपनीकडे पाठवतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या साखळीतच आहे. कंपनी, डेपो, स्टॉकिस्ट, दुकान, इथपर्यंत प्रत्येक टप्प्याला बॅच नंबरसकट बिल आहे. काउंटरच्या पलीकडे काय? निम्म्या बिलांवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी ‘कॅश’ लिहिलेलं असतं, आणि बरेच जण ‘बिल राहू द्या’ म्हणून निघून जातात. कुणाला कळवायचं?

नियम कागदावर वाईट नाहीत. सीडीएससीओच्या मार्गदर्शक सूचनांत परत मागवण्याचे तीन वर्ग केलेत. जिवाला धोका असेल तो पहिला वर्ग: २४ तासांत हालचाल आणि जास्तीत जास्त ७२ तासांत माल परत, गरज पडली तर वर्तमानपत्रं-टीव्हीवरून लोकांना इशारा. दुसऱ्या वर्गाला १० दिवस, तिसऱ्याला ३०. तुमच्या आईच्या गोळीसारख्या प्रकरणात टीव्हीवर सूचना येईल अशी वाट बघू नका.

पहिल्या वर्गाची निकड आमच्या भागानं अगदी जवळून पाहिली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या परासिया भागातली लहान मुलं किडनी निकामी होऊन नागपूरला आणली जात होती, आणि त्यातली कित्येक इथल्याच रुग्णालयांत दगावली. संशय कफ सिरपवर होता. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की तपासलेल्या नमुन्यांत डीईजी नाही. तेवढ्यात तमिळनाडूचा अहवाल आला. कांचीपुरमच्या कारखान्यात बनलेलं कोल्ड्रिफ नावाचं कफ सिरप, बॅच एसआर-१३, त्यात डीईजी ४८.६ टक्के. चालतं किती? ०.१ टक्का. आधी तपासलेल्या बाटल्यांचे अहवाल खोटे होते असं मी म्हणत नाही. विष या बॅचमध्ये होतं आणि ही बॅच तपासली गेली तेव्हाच ते सापडलं. ५ ऑक्टोबरला, रविवार असूनही, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं (एफडीए) याच बॅचचा इशारा काढला: कुणाकडे असेल तर वापरू नका, आम्हाला कळवा. केमिस्टांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसता एसआर-१३ फिरत होता. लोक मात्र दुकानात येऊन ‘खोकल्याचं सगळंच बंद झालं का?’ विचारायचे, आणि आम्ही बॅच नंबर दाखवत बसायचो. (चार वर्षांखालच्या मुलाला सर्दीचं मिश्र सिरप स्वतःहून देऊ नये, ही गोष्ट वेगळी. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांच्या मिश्रणावर तशी सूचना छापायला डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं गेलं होतं. पाळतं कोण!)

डीईजी महाराष्ट्राला नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलनं १४ रुग्ण दगावले, न्या. लेंटिन आयोग बसला, त्यानं एफडीएच्या कारभारावर सणसणीत ताशेरे ओढले. तेव्हाही हेच रसायन होतं. चाळीस वर्षं होत आली, आणि कच्च्या मालाचा प्रत्येक पिंप तपासा हे अजून सांगावं लागतं.

गोळ्यांपेक्षा जास्त दुर्लक्ष होतं ते शरीरात बसवलेल्या वस्तूंकडे. डिप्यू कंपनीचे एएसआर हे खुब्याचे कृत्रिम सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले गेले. आपल्याकडे औषध नियंत्रकांचा इशारा निघायला २०१३ उजाडलं. तोवर ज्यांच्या खुब्यात ते होते त्यांतल्या अनेकांना पत्ताच नव्हता. घरात कुणाला स्टेंट, सांधा, डोळ्यातली लेन्स बसवली असेल तर डिस्चार्जच्या फाइलमध्ये त्या वस्तूचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर कंपनी आणि लॉट नंबर असतो. नसेल तर मागून घ्या.

तुमच्याकडची तयारी सोपी आहे. बिल घ्या, नावावर घ्या. पूर्ण स्ट्रिप परवडत नसेल आणि अर्धी कापून घेत असाल तर बॅच छापलेलं टोक कुणाच्या वाट्याला गेलं ते बघा. उरलेल्या तुकड्यावर काहीच नसतं, म्हणून कापायच्या आधी फोटो काढा. ज्या ३०० मोठ्या ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झाला, त्यांचा कोड स्कॅन केला की बॅच, मुदत, उत्पादकाचा परवाना क्रमांक दिसतो. नकली माल बनवणारा कोडसुद्धा छापू शकतो, तेव्हा कोड आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. स्ट्रिपवरची माहिती आणि कोडमधली माहिती जुळते का ते पाहा. आणि बॅच नंबर नसलेला ‘हे औषध घेऊ नका’ छापाचा फॉरवर्ड सरळ पुसून टाका.

आईच्या स्ट्रिपचा नंबर यादीशी जुळलाच, तर ती फेकू नका. दुकानात न्या, बिल हरवलं असेल तरी दुकानदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या बॅचची खरेदी सापडते. तो टाळाटाळ करायला लागला तर एफडीएचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५. दुसरी स्ट्रिप त्याच दिवशी सुरू करा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा. मागच्या महिन्यात विनाकारण वाढलेलं आढळलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर ते आधीची गोळी कमजोर होती हे न कळता डोस वाढवून देतील. आणि गोळीनं काही त्रास झाला असेल, अंगावर पुरळ, चक्कर, काहीही, तर तो १८००-१८०-३०२४ वर कळवता येतो. हा नंबर गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दुष्परिणाम नोंदणीचा आहे आणि तिथे डॉक्टरच नव्हे, पेशंट किंवा घरचा माणूसही नोंद करू शकतो. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा, बॅच नंबर विचारतील.