वाचकांचे प्रश्न : साहेबाचे ओटे, हेलियम आणि गुलाबी लोणार

प्रश्न : विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने इथूनच हेलियम शोधला. खरंय का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : ग्रहण खरं, तारीख खरी, साहेबही खरा, फक्त त्या दिवशी साहेब तिथे नव्हता! इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. ग्रहण बघायला भारतात आलेला तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन, आणि तोही कोकणात नाही, आंध्रातल्या गुंटूरला. त्याला सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या (प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यातल्या) रेघा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या परत पकडल्या. इकडे लॉकियरने तीच युक्ती स्वतःच्या डोक्याने लढवली आणि २० ऑक्टोबरला ग्रहणाबिहणाची वाट न बघता त्याला त्या ज्वाळांत एक पिवळी रेघ मिळाली, साधारण ५८७.५ नॅनोमीटर तरंगलांबीची. सोडियमच्या दोन पिवळ्या रेघा ५८९ च्या आसपास असतात, म्हणजे अगदी शेजारीच, त्यामुळे आधी सगळ्यांना ती सोडियमचीच वाटली, पण नीट मोजल्यावर काही केल्या जुळेना, मग हे कुठलंतरी नवीन मूलद्रव्य असणार म्हणून सूर्याच्या 'हेलिऑस' या ग्रीक नावावरून हेलियम नाव दिलं. रसायनवाल्यांना ते लवकर पटलं नाही. पटलं १८९५ मध्ये, ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅमझेने युरेनियमच्या खनिजातून तो वायू काढून दाखवला तेव्हा.

मग ओटे कुठून आले? तर २२ जानेवारी १८९८ ला परत खग्रास ग्रहण होतं आणि तेव्हा लॉकियर खरोखरच दुर्बिणी, कॅमेरे घेऊन विजयदुर्गला उतरला होता. ओटे त्या मुक्कामाचे धरायला हवेत. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रोफेसर नायगमवाला यांनी हेच ग्रहण सोलापूरकडच्या जेऊरहून टिपलं, त्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस जरूर करा, पण पोरांना दोन्ही सालं नीट सांगा की!

प्रश्न : फुग्यातला हेलियम ओढल्यावर आवाज चिरका का होतो?

उत्तर : स्वरयंत्र जवळपास पूर्वीसारखंच थरथरतं, पण हेलियममध्ये आवाज हवेच्या जवळपास तिप्पट वेगाने पळतो म्हणून घशातोंडाच्या पोकळीत वरच्या पट्टीचे सूर जास्त घुमतात. सिलिंडरला तोंड लावून मात्र कधीच नाही, ऑक्सिजन तुटून माणूस जागीच जातो आणि प्रेशरने फुप्फुसं फाटू शकतात.

प्रश्न : लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, ते शेवाळामुळे का?

उत्तर : जून २०२० मध्ये झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासले, तर ते मिठात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले, हॅलोआर्किया. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, यांचं फावलं आणि यांच्या अंगातल्या रंगाने तळं गुलाबी दिसलं. पाऊस पडून पाणी वाढल्यावर रंग उतरला.